मत एकदाच, हिशेब रोजचा

मतदान यंत्रावर पंतप्रधानांचं नाव नसतं. वाराणसीच्या मतदारांना २०१४पासून तीन वेळा आणि वडोदऱ्याच्या मतदारांना २०१४ साली एकदा ते यंत्रावर दिसलं, बाकी देशाला नाही. माढ्याचा किंवा चंद्रपूरचा मतदार ‘मी मोदींना मत दिलं’ म्हणो की ‘मोदींच्या विरोधात दिलं’ म्हणो, त्यानं बटण दाबलेलं असतं ते भलत्याच कुणाच्या तरी नावापुढचं. मनमोहन सिंग तर दहा वर्षं पंतप्रधान होते आणि त्या दहा वर्षांत देशातल्या एकाही मतदारानं त्यांच्या नावापुढचं बटण दाबलं नाही. लोकसभेची निवडणूक ते आयुष्यात एकदाच लढले, १९९९ साली दक्षिण दिल्लीतून, आणि हरले. पंतप्रधान असताना ते राज्यसभेत होते, आसामचे प्रतिनिधी म्हणून.

यात घटनेला धरून नसलेलं असं काहीच नाही. आपली पद्धतच तशी आहे. मतदार खासदार निवडतो, लोकसभेतले खासदार सरकार टिकवतात किंवा पाडतात, आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं. ५४३ जागांच्या सभागृहात २७२ हा आकडा ज्याच्या पाठीशी, तो पंतप्रधान. म्हणजे मतदाराचा आणि पंतप्रधानांचा संबंध थेट नाही, मध्ये एक माणूस आहे. प्रचारात त्या माणसाचा फोटो नेत्याच्या फोटोखाली, बऱ्याचदा कोपऱ्यात असतो. हे प्रकरण त्या कोपऱ्यातल्या माणसाबद्दल आहे.

आधी आकड्यांचं गणित उरकून घेऊ, कारण निकालाच्या दिवशी टीव्हीवर त्याचाच गोंधळ जास्त असतो. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं पडली तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं मिळवण्याची अट नाही. त्यामुळे देशभरची मतं आणि जागा यांचा मेळ बसत नाही. भाजपला २०१४ साली ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. २०१९मध्ये साधारण साडेसदतीस टक्क्यांवर ३०३. २०२४मध्ये मतांची टक्केवारी एका टक्क्याच्या आसपास घसरली आणि जागा २४०वर आल्या. महाराष्ट्रात तर त्याच निवडणुकीत दोन्ही आघाड्यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचंही अंतर नव्हतं. तरी महाविकास आघाडीला ३० जागा आणि महायुतीला १७. उरलेली एक सांगली, तिथे अपक्ष निवडून आला. देशानं कौल दिला, राज्यानं धडा शिकवला वगैरे मथळे दुसऱ्या दिवशी छापून येतात, ते जागांवरून. मतांवरून तेच मथळे लिहायला बसलो तर निम्मे खोडावे लागतील. स्वतंत्र भारतात आजवर एकाही पक्षाला लोकसभेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं मिळालेली नाहीत, १९८४ साली चारशेच्या वर जागा जिंकणाऱ्या काँग्रेसलासुद्धा नाहीत.

मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात २०२४ साली रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. दोन्ही प्रमुख उमेदवारांना साडेचार लाखांच्या वर मतं पडलेली, आणि फरक एका लोकलच्या डब्यात मावेल एवढ्या माणसांचा. त्याच मतदारसंघात ‘नोटा’चं बटण हजारो लोकांनी दाबलं होतं. एका मतानं काय होतंय, असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण हमखास ऐकवलं जातं. मला मात्र त्याच्या पुढच्या प्रश्नात जास्त रस आहे. ४८ मतांनी असो की चार लाखांनी, निवडून गेलेला माणूस दिल्लीत पुढची पाच वर्षं करतो काय?

या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना देऊन ठेवलं आहे. अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत का नको, याचं ते कारण सांगत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: स्थैर्य आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीत सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे. संसदीय पद्धतीत सरकारची तपासणी दोन प्रकारे होते. एक ठरावीक मुदतीनं, ती मतदार निवडणुकीत करतात. दुसरी रोजच्या रोज, ती सभागृहातले सदस्य करतात. प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास ठराव मांडून, स्थगन प्रस्तावातून, अभिभाषणावरच्या चर्चेतून. रोजची तपासणी मुदतीच्या तपासणीपेक्षा अधिक परिणामकारक, आणि भारतासाठी अधिक गरजेची, असं त्यांचं मत होतं.

संसदीय राजकारण समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे असं मला वाटतं. पाच वर्षांनी हिशेब आपण मागायचा. मधली पाच वर्षं तो आपल्या वतीनं खासदारानं मागायचा. आपण त्याला निवडून देतो ते मुख्यतः या कामाला. गंमत अशी की मधली पाच वर्षं आपण त्याच्याकडे बाकी सगळं मागतो.

हे काम चांगलं कसं करतात ते पाहायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. १९५७पासून राजापूरहून निवडून जाणारे नाथ पै, त्यांच्यानंतर १९७१पासून सलग पाच निवडणुका त्याच मतदारसंघातून जिंकणारे मधू दंडवते, आणि पुण्यात जन्मून बिहारच्या मुंगेर आणि बांका इथून लोकसभेत गेलेले मधू लिमये. तिघेही समाजवादी, आणि बराच काळ विरोधी बाकांवर. कोकणच्या मतदारानं सत्ताधारी पक्षाचा माणूस डावलून चौतीस वर्षं विरोधातला वक्ता दिल्लीला का पाठवला, यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. कोकण रेल्वेशी दंडवत्यांचं नाव जोडलं जातं ते खरंच. पण तिचं स्वप्न तडीला जायला कित्येक वर्षं लागली, आणि त्या मधल्या वर्षांतही लोक त्यांना मत देत राहिले.

लिमयांचं हत्यार म्हणजे सभागृहाची नियमावली. कोणत्या नियमाखाली मंत्र्याला उभं करता येईल, कुठे हक्कभंग होतो, कोणता कागद पटलावर यायला हवा होता आणि आलेला नाही, हे त्यांना तोंडपाठ असे. मूठभर खासदारांच्या जोरावरही सरकारला घाम फोडता येतो तो असा. सकाळी अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. रोज वीस तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांची उत्तरं मंत्र्यानं उभं राहून द्यायची. त्यावर उपप्रश्न विचारता येतात, आणि खरी परीक्षा तिथे. लेखी उत्तर सचिवालयातला अधिकारी तयार करून देतो, उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतःच्या डोक्यानं तोंड द्यावं लागतं. वीसपैकी चार-पाच प्रश्नच तोंडी होतात, बाकीची उत्तरं कागदावर येतात. त्याखेरीज रोज २३० अतारांकित प्रश्न, त्यांची उत्तरं लेखीच.

आता या रोजच्या तपासणीचं आज काय झालंय ते पाहू. पहिली लोकसभा तिच्या कारकिर्दीत ६७७ दिवस बसली. २०१९ ते २०२४ची सतरावी लोकसभा बसली २७४ दिवस. त्या संपूर्ण काळात तिला उपाध्यक्षही मिळाला नाही. घटना म्हणते, होईल तितक्या लवकर निवडा. दिवस कमी झाले म्हणजे प्रश्न कमी झाले, हे उघड आहे. पण त्याहून मोठी गोष्ट घडली ती १९८५ साली, आणि ती चांगल्या हेतूनं घडली.

त्याआधी पक्षांतराचा उबग आलेला होता. १९६७मध्ये हरियाणाचे आमदार गयालाल पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलते झाले आणि ‘आयाराम गयाराम’ घराघरांत पोचलं. राजीव गांधींच्या सरकारनं बावन्नावी घटनादुरुस्ती करून दहावं परिशिष्ट आणलं. पक्ष सोडला तर सदस्यत्व गेलं, आणि पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून मत दिलं तरी गेलं.

पक्षादेशाचं वजन काय असतं ते १७ एप्रिल १९९९ला देशानं पाहिलं. जयललितांच्या अण्णाद्रमुकनं पाठिंबा काढल्यामुळे अटलबिहारी वाजपेयींना विश्वासदर्शक ठराव मांडावा लागला होता. गिरिधर गमांग दोन महिन्यांपूर्वी ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले, पण कोरापुटच्या खासदारकीचा राजीनामा त्यांनी अजून दिलेला नव्हता. ते मतदानाला हजर झाले. सत्ताधाऱ्यांनी हरकत घेतली. अध्यक्ष बालयोगींनी मत द्यायचं की नाही ते गमांग यांच्या सद्सद्विवेकावर सोपवलं, आणि त्यांनी मत दिलं, अर्थात सरकारच्या विरोधात. तिकडे नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाचा आदेश धुडकावून विरोधात मत दिलं. पक्षानं त्यांची हकालपट्टी केली. बाजूनं २६९, विरोधात २७०. सरकार गेलं. पुढच्याच महिन्यात कारगिलमध्ये लढाई पेटली, आणि ती लढलं हेच काळजीवाहू सरकार.

सरकार टिकतं की पडतं अशा मतदानाला पक्षादेश समजण्यासारखा आहे. पक्षाच्या नावावर निवडून आलास, सरकार पाडायचं असेल तर राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जा, हे ठीकच. पण दहाव्या परिशिष्टानं पक्षादेशाला असा काही लगाम घातलेला नाही. साधं विधेयक असलं, तरी पक्षानं आदेश काढला की खासदाराचे हात बांधले गेले. आपल्या मतदारसंघाला नडणाऱ्या कायद्याविरुद्ध सत्ताधारी पक्षाचा खासदार बोलू शकतो, बटण मात्र दाबू शकत नाही. बोलणाऱ्यालाही पुढच्या वेळी उमेदवारी कोण वाटतं हे माहीत असतं, त्यामुळे तो बोलतही नाही. आंबेडकरांची रोजची तपासणी सरकारी बाकांपुरती इथे बंद पडते.

बरं, एवढी किंमत मोजून पक्षांतर थांबलं का? एकटादुकटा फुटायचा थांबला, घाऊक फुटणं राहिलं. २००३च्या दुरुस्तीनं एक तृतीयांश फुटीची सवलत काढली, पण दोन तृतीयांश आमदारांनी ‘विलीनीकरण’ केलं तर चालतं. गोव्यात २०१९ साली काँग्रेसच्या १५पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. पंधराचे दोन तृतीयांश बरोबर दहा. हिशेबात चूक नाही. धडा घेऊन काँग्रेसनं जानेवारी २०२२मध्ये आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सप्टेंबरमध्ये ११पैकी ८ गेले. आपण देवाला विचारूनच निर्णय घेतला, असं त्यांच्यातल्या दिगंबर कामत यांनी जाहीरपणे सांगितलं. महाराष्ट्रात जून २०२२मध्ये शिवसेना फुटली ते सगळ्यांना पाठ आहे. तिथल्या अपात्रतेच्या अर्जांवर अध्यक्षांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ला, तोही सर्वोच्च न्यायालयानं मुदत घालून दिल्यावर, आणि अपात्र कुणीच ठरलं नाही. माझ्या मते चाळीस वर्षांचा अनुभव पुरेसा आहे: या कायद्यानं फुटीर आमदाराला अडवलं नाही, प्रामाणिक खासदाराला मात्र गप्प बसवलं.

इथपर्यंतची गोष्ट संसदेतली. पण सत्ता बऱ्याचदा संसदेत नसतेच, आणि याचा अनुभव नाशिक जिल्ह्याइतका दुसऱ्या कुणाला नसेल. ७ डिसेंबर २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाची एक अधिसूचना निघाली. दुसऱ्या दिवसापासून ३१ मार्चपर्यंत कांद्याची निर्यात बंद. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावून झालं होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य लावून झालं होतं, त्यावर हे. खरिपाचा लाल कांदा बाजारात येण्याचा तो काळ. हा कांदा चाळीत घालून महिनोन्‌महिने ठेवता येत नाही, काढला की विकावाच लागतो. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला.

या निर्णयावर मतदान झालं नाही. व्हायचं कारणच नव्हतं. परदेशी व्यापाराबाबतचा १९९२चा कायदा केंद्र सरकारला असा आदेश काढायचा अधिकार देतो. संसदेनं ती किल्ली तेव्हाच देऊन टाकली आहे. नरसिंह रावांच्या काळात ती सरकारच्या हाती गेली आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक पक्षाच्या सरकारनं गरजेप्रमाणे वापरली. शहरात कांदा महागला की निर्यात रोखायची, हा खाक्या एका पक्षाचा नाही. कायदा संसद करते, पण त्यातला ‘सरकार अधिसूचनेद्वारे’ हा शब्दप्रयोग जिथे जिथे येतो तिथे तिथे खरा निर्णय नंतर, कुठल्यातरी भवनातल्या फायलीवर होणार असतो. वर्तमानपत्रात विधेयकाची बातमी वाचताना हे शब्द हेरावेत.

अशा निर्णयावर रोजची तपासणी उरते ती प्रश्नांची. योगायोगानं त्या दिवशी संसदेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. त्याच अधिवेशनात १३ डिसेंबरला दोन तरुणांनी प्रेक्षक सज्जातून लोकसभेत उड्या मारल्या, गृहमंत्र्यांनी निवेदन करावं यावरून गदारोळ झाला, आणि दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. महाराष्ट्रातल्या सुप्रिया सुळेही त्यांत होत्या. खासदार निलंबित झाला की त्याच्या नावावरचे प्रश्नही यादीतून गळतात. फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयकं त्याच दिवसांत, बव्हंशी रिकाम्या विरोधी बाकांसमोर मंजूर झाली. गोंधळ घालणं ही विरोधकांचीही सवय झाली आहे, हौदात उतरून फलक दाखवले की संध्याकाळच्या बातम्यांत चेहरा येतो आणि उपप्रश्न विचारल्यानं येत नाही. पण उपाय म्हणून हिशेब मागणाऱ्यांनाच बाहेर काढणं, हे दुखण्यापेक्षा औषध जालीम झालं.

मग राहिली मुदतीची तपासणी. निर्यातबंदी मार्चनंतरही लांबली आणि ४ मे २०२४ला उठली; नाशिक आणि दिंडोरीत २० मे रोजी मतदान होतं. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीनं गमावल्या, दिंडोरीत तर केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या. कांदा हे एकच कारण होतं असं कुणी म्हणणार नाही. कारण नव्हतं, असंही म्हणवत नाही. पण हिशेब झाला तेव्हा तो लाल कांदा विकून संपला होता.

आपला खासदार कुठल्या बाजूला उभा राहिला हे मतदाराला कळण्याचीही वेगळीच तऱ्हा आहे. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती २० सप्टेंबर २०२३ला लोकसभेत मतदानाला आली तेव्हा बाजूनं ४५४ आणि विरोधात २ मतं पडली. ते दोघे एमआयएमचे, आणि त्यांतले एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. हे आपल्याला नावानिशी ठाऊक आहे, कारण घटनादुरुस्तीला मतं मोजावीच लागतात. बरोबर तीन वर्षं आधी, २० सप्टेंबर २०२०ला, राज्यसभेत कृषी विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत होते. पीठासीन उपसभापतींचं म्हणणं, सदस्य आपल्या जागेवर बसून मागत नव्हते. त्यामुळे कुणी हो म्हटलं आणि कुणी नाही, याची नोंद नाही. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि नोव्हेंबर २०२१मध्ये ते कायदे चर्चेविना रद्द झाले. बहुतेक साधी विधेयकं आवाजी मतदानानंच मंजूर होतात. प्रत्येक विधेयकाला नावानिशी मतदान घ्यायला काही मिनिटं लागतात, यंत्रणा बाकावरच बसवलेली आहे. तरी ते होत नाही, आणि मतदारही मागत नाहीत.

कारण मतदार दुसरं काही मागत असतो. लग्नसराईत आपला खासदार एका दिवसात आठ-दहा मांडवांत अक्षता टाकतो, दहाव्याला जातो, दशक्रिया घाटावर दोन शब्द बोलतो. त्याच्याकडे अर्ज येतात ते गटारासाठी, समाजमंदिरासाठी, बदलीसाठी. गटार नगरपालिकेचं काम, रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम खात्याचा. खासदार निधी वर्षाला पाच कोटींचा, तो सहा-सहा विधानसभा मतदारसंघांत वाटायचा. लग्नाला न येणारा खासदार पडतो आणि प्रश्न न विचारणारा पडत नाही, हे त्यालाही कळतं. त्यानं दिल्लीपेक्षा मांडव पसंत केला तर दोष त्याच्या एकट्याचा नाही.

तरी पाहायचंच असेल तर साधन हाताशी आहे. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराच्या नावानं त्यानं विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं मिळतात. नुसत्या संख्येवर जाऊ नका. चौकात ‘एवढे प्रश्न विचारणारे खासदार’ असे फलक लागतात, त्यांतले पुष्कळ प्रश्न ‘योजनेचा तपशील काय’ या साच्यातले, स्वीय सहायकानं भरून पाठवलेले असतात. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, तेव्हा आपला खासदार मंत्री असेल तर त्याचं पान रिकामं दिसेल, त्यात त्याची चूक नाही. बाकीच्यांचं मात्र उघडा. आपल्या भागातला एक विषय घ्या. कांदा, कापूस, रेल्वेचा थांबा, काहीही. त्यावर त्यानं काय विचारलं, मंत्र्यानं काय उत्तर दिलं, आणि त्या उत्तरावर त्यानं पुन्हा काही विचारलं का, एवढं वाचा. आणि पुढच्या लग्नात तो भेटला की गटाराचा अर्ज खिशातच ठेवून त्या उत्तराबद्दल विचारा.